पाहुण्यांना दाखवलेली रेष

“मॅडम, उद्या साडी नेसून या. काठापदराची असली तर उत्तम,” आमचे प्लांट मॅनेजर घैसास साहेब म्हणाले. “पाहुण्यांना ओवाळायचंय.”

मी कंट्रोल रूममध्ये पॅनेलच्या मागे गुडघ्यांवर बसून फायबरची केबल तपासत होते. दातांत टॉर्च धरलेला, केसांत जाळीजळमटं. टॉर्च काढून मी विचारलं, “कुणी ओवाळायचंय?”

“तुम्हीच. प्लांटमध्ये दुसरी बाई आहे का?”

“साहेब, पाहुणे यंत्र बघायला येतायत. यंत्र मी बसवलंय. त्याबद्दल बोलायला मी इथे लागणार.”

“बोलायला मी आहे. तुम्ही फक्त प्रसन्न दिसा. तेवढं जमेल ना?”

पॅनेलसमोर बसलेल्या रंगाभाऊंनी मान खाली घातली. माझ्या तोंडून आता काय निघतंय याची ते वाट बघत असावेत. इंदापूरच्या बाजारात बांगड्या भरता भरता माझे वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या उज्जूच्या नाकावर राग आहे. माशी बसली तर माशी जळते.” कुरकुंभच्या एमआयडीसीत येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि कासार मॅडमच्या तोंडाला लागू नये हे तिथल्या वॉचमनलासुद्धा कळलं होतं.

“जमेल,” मी म्हणाले. “तुम्ही फेटा बांधणार असाल तर मी साडी नेसते.”

घैसास हसले. हा माणूस कधी चिडायचा नाही, त्यामुळे त्याच्यावर दुप्पट चिडावं लागायचं. जाताना दारातून म्हणाले, “साडी. उद्या. प्लीज.”

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली.

आमच्या कारखान्यात रंगांना लागणारं रेझिन बनायचं. दोन मजली उंच केटल असायची, खाली गरम तेल फिरायचं आणि आत आम्ल आणि ग्लायकॉल तासन् तास शिजायचं. साखरेच्या पाकासारखंच हे काम. एकतारी, दोनतारी, आणि जरा चुकलं की गोळी. फरक एवढाच की पाक चुकला तर पाणी घालून सावरता येतो. रेझिन एकदा हाताबाहेर गेलं की त्याचा आत दगड होतो. त्याला प्लांटमध्ये ‘बॅच जेल झाली’ म्हणतात. मग माणसं केटलमध्ये उतरवून छिन्नी-हातोड्याने तो दगड फोडून काढावा लागतो.

यंत्र येण्याआधी पाक बघायला माणूस वर चढायचा. मॅनहोलचं झाकण उघडायचं, लांब दांड्याचा डाव आत बुडवायचा, नमुना खाली लॅबमध्ये आणायचा. लॅबवाले त्याची अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या आम्लाचा आकडा, काढेपर्यंत केटलमधली बॅच पुढे निघून गेलेली. म्हणजे सगळा कारभार शिळ्या बातमीवर. शिवाय ते उघडं झाकण. मी नोकरीला लागण्याआधी एकदा बॅच उसळली आणि वर चढलेल्या सिद्धू नावाच्या कामगाराचा चेहरा भाजला होता. मला ते ऐकूनच माहीत.

मग आलं एनआयआर. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड केबलमधून केटलच्या आत सोडायचा. आत एक काचेची खिडकी. रेझिनमधून जाताना त्या उजेडातला काही भाग शोषला जातो आणि उरलेला परत येतो. काय शोषलं गेलं त्यावरून आत किती आम्ल उरलंय ते कळतं. पण यंत्राला ते आपोआप कळत नाही, शिकवावं लागतं. मी वर्षभर तेच केलं. प्रत्येक बॅचचा उजेड आणि लॅबचा आकडा यांच्या जोड्या लावत बसले, तेव्हा कुठे ते नुसत्या उजेडावरून आकडा सांगायला लागलं. पुढे आम्ही गरम तेलाचा व्हॉल्वही त्याला जोडून दिला. आकडा उतरत जाईल तसा व्हॉल्व आपला आपण आवळला जायचा. त्या दिवसापासून कुणी डाव घेऊन वर चढलं नाही.

रंगाभाऊ, म्हणजे रंगनाथ दिवेकर, आमचे पॅनेल ऑपरेटर. शेजारच्या दिवेकर वस्तीवरचे. कंत्राटावरची निम्मी माणसं त्यांनीच वस्तीवरून आणलेली. यंत्रावर आधी विश्वास ठेवला तो त्यांनी. बाकीचे ‘मॅडमचा दिवा’ म्हणून हसायचे तेव्हा हा माणूस डबा बाजूला ठेवून मला विचारायचा, “आन मंग त्यो उजेड परत कसा येतो?” त्यामुळे त्यांच्यावर माझा जीव होता. हे आता सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना काय काय बोलले तेही सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसले. आईची हिरवी इरकल. कंट्रोल रूममध्ये शिरले तर पडद्यावरची, आम्लाचा आकडा दाखवणारी रेष थरथरत होती.

एरवी ती रेष सुंदर उतरायची. त्या दिवशी तिला जणू हिवताप भरला होता. घैसास तिच्यासमोर उभे होते, आणि त्यांच्या शेजारी यंत्र विकणाऱ्या कंपनीचा पुण्याहून आलेला सर्व्हिस इंजिनिअर, कौशिक.

“हे काय आहे?” घैसासांनी विचारलं.

“काचेवर साय धरतीये,” मी म्हणाले. “आत कुठेतरी रेझिन वेळेआधी घट्ट व्हायला लागलंय. कच्चा माल नवीन लॉटचा आहे. बॅच आज घाई करतीये.”

“मग काय करायचं?”

“हीट कमी करायची. पूर्ण खबरदारी घेऊन हाताने एक नमुना काढायचा. लॅबचा आकडा आला की कळेल.”

“आज कुणी वर चढणार नाही,” घैसास म्हणाले. “आपल्याकडे माणूस वर चढत नाही, हे मी पाहुण्यांना लेखी कळवलंय. ते आत येणार आणि वर डाव घेऊन माणूस उभा?”

“मग पाहुण्यांना तासभर कॅन्टीनमध्ये बसवा.”

“आणि ही थरथर? ती दाखवू त्यांना?”

“दाखवा की. यंत्र काम करतंय, त्याचाच तर पुरावा आहे हा. आत बिघडतंय म्हणून ते सांगतंय.”

कौशिक खाकरला. “सर, एक ऑप्शन आहे. सॉफ्टवेअरमध्ये जुनी बॅच परत चालवता येते. ट्रेनिंगसाठी असतं ते. पडद्यावर एखादी चांगली बॅच लावू. पाहुणे गेले की काढून टाकू.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “जिवंत पेशंट टेबलावर आणि तुम्ही दुसऱ्याच माणसाची नाडी दाखवणार? नाही. हे होणार नाही. माझ्या यंत्रावर तर नाहीच.”

“बरं बरं,” घैसास म्हणाले. “मॅडम नाही म्हणतायत ना, मग नाही. तुम्ही गेटवर चला, गाडी यवतच्या पुढे आलीये.” मग रंगाभाऊंकडे वळून म्हणाले, “दिवेकर, तो तेलकट शर्ट बदला. स्टोअरमध्ये नवा गणवेश काढून ठेवलाय.”

मी ‘नाही’ म्हटलं म्हणजे ते होणार नाही, असं समजण्याइतकी मी तेव्हा भाबडी होते. हीट कमी करायला रंगाभाऊंना सांगितलं, आणि ताम्हण घेऊन गेटवर जाऊन उभी राहिले.

पाहुणे चार होते. रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे. त्यांची पुढच्या पाच वर्षांची खरेदी आमच्याकडे आली तर दुसरी केटल बसणार होती. मी चौघांना कुंकू लावलं, ओवाळलं, गुलाबाची फुलं दिली. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी सौजन्याने विचारलं, “तुम्ही रिसेप्शनला असता का?”

मी तोंड उघडायच्या आत घैसास म्हणाले, “हो, आमच्याकडचं सगळं त्याच बघतात.”

सगळे पुढे गेले. मी मागे उभी. हातातल्या ताम्हणातलं निरांजन फुंकून टाकलं आणि ताम्हणासकट त्यांच्यामागून कंट्रोल रूमकडे निघाले. ओवाळायचं काम संपलं होतं, आता मला माझी केटल बघायची होती.

आत घैसास पडद्यासमोर काठी घेऊन उभे, पाहुणे अर्धगोलात, रंगाभाऊ नव्या निळ्या शर्टात पॅनेलवर ताठ बसलेले. पडद्यावरची रेष गुळगुळीत झाली होती. एक क्षण मला वाटलं, काच आपोआप धुतली गेली. रंगाभाऊंनाही तसंच वाटलं असणार. ते शर्ट बदलून आले तेव्हा थरथर गेलेली होती आणि जवळ साहेब आणि यंत्राच्या कंपनीचा माणूस दोघेही निवांत उभे होते.

मग रेषेत एक खोच आली. चिमटा घेतल्यासारखी छोटीशी.

ती खोच मी कुठेही ओळखली असती. जुलैतल्या एका बॅचला मध्येच वीज गेली होती आणि रेझिन ढवळणारा स्टरर थोडा वेळ थांबला होता, त्याची ती खूण. ती यंत्राने मनावर घेऊ नये म्हणून मी आठवडाभर डोकं फोडलं होतं. पडद्यावर जुलैची बॅच चालली होती. आमच्या केटलमध्ये काय चाललं होतं ते कुणीच बघत नव्हतं.

आणि व्हॉल्व. व्हॉल्व यंत्राचं ऐकत होता, आणि यंत्र जुलैतलं बोलत होतं. जुलैतल्या त्या बॅचला त्या घडीला पूर्ण हीट हवी होती, म्हणून मी कमी करायला लावलेली हीट पुसून व्हॉल्व सताड उघडला होता. कौशिकला पडदा तेवढा ठाऊक होता. पडद्याच्या मागून एक तार थेट गरम तेलाला जाते हे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती, आणि घैसासांना ते आठवलं नव्हतं. मी स्टररवरचा भार दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. लाल पट्ट्याला लागला होता.

“रंगाभाऊ, व्हॉल्व मॅन्युअलला घ्या आणि बंद करा. आत्ता.”

चार पाहुणे वळले. घैसासांनी काठी तशीच वर धरली. ऑपरेटरने साहेबाकडे बघावं, मान हलते का ते पाहावं, अशी आमच्याकडची रीत. रंगाभाऊंनी बघितलं नाही. मी सांगितलं आणि त्यांचा हात गेला. व्हॉल्व मॅन्युअलला, मग बंद, मग बॅच पातळ करायला खालच्या टाकीतलं थिनर वर ओढायचं बटण. सगळं बरोबर, पण सगळं वेळ निघून गेल्यावर. वरून स्टररचा कण्हल्यासारखा आवाज आला, एकदा थबकला, पुन्हा फिरला, आणि थांबला.

“हा आमचा सेफ्टीचा सराव,” घैसास पाहुण्यांना म्हणाले. “प्रत्येक बॅचला अचानक घेतो.”

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगते, मी आयुष्यात पुष्कळ चिडले आहे, पण त्या टाळ्यांनी जे केलं ते कशानेच केलं नाही. पाहुणे कॅन्टीनला गेले. श्रीखंड-पुरी जेवले. गुळगुळीत रेषेचं कौतुक केलं. खरेदीचं नक्की करून गेले. आणि वर केटलमध्ये अख्ख्या बॅचचा दगड झाला होता.

तो फोडायला वस्तीवरचीच माणसं उतरली. कमरेला दोर, तोंडावर मास्क, आत दिवा. दिवसभर केटलमधून टण् टण् आवाज यायचा. कंट्रोल रूममध्ये बसणं मुश्कील झालं होतं.

कुणावर तरी ढकलायचं होतंच. आठवडा संपायच्या आत रंगाभाऊंच्या हातात निलंबनाचा कागद पडला. ऑपरेटरने व्हॉल्व मॅन्युअलला घेतला, त्यामुळे यंत्राचं नियंत्रण सुटलं आणि बॅच जेल झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण इथे तर संन्याशाने चोरामागे धाव घेतली म्हणून फाशी.

मी घैसासांच्या केबिनमध्ये दार न वाजवता शिरले.

“व्हॉल्व त्यांनी मॅन्युअलला घेतला तो बॅच वाचवायला. मी सांगितलं म्हणून.”

“घेतला ना पण?”

“आधी तुम्ही जुलैची बॅच लावलीत.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. कौशिकला विचारा.”

“कौशिक म्हणतो, त्याने काही लावलं नाही. त्याच्या कंपनीला दुसऱ्या केटलचंही यंत्र विकायचंय, मॅडम. तो कशाला म्हणेल?” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “आणि तुम्ही सांगितलंत असं मी लिहू शकतो. पण मग विचारतील, कासार मॅडमना पॅनेलवर हुकूम द्यायचा अधिकार त्या दिवशी होता का. तुम्ही ओवाळायला होतात.”

मी चहा प्याले नाही. कप त्यांच्या टेबलावर उपडा करावासा वाटला, तो मोह कसा आवरला ते मलाच माहीत. निघताना मी म्हणाले, “चौकशीला डायरेक्टर येणार आहेत. त्यांच्यासमोर सगळं बोलणार आहे मी.”

“बोला. तुमचा हक्क आहे तो,” घैसास म्हणाले, आणि पुन्हा हसले.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी दिवेकर वस्तीवर गेले. रंगाभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी, पारूवहिनी, पाणी देऊन चुलीकडे गेल्या, पण कान इकडेच. थोरल्या मुलीचं बारामतीच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. घरात पगार येणारा एकच.

“उद्या मी सगळं सांगते, भाऊ,” मी म्हणाले. “खोच दाखवते. तुमच्यावर बालंट येऊ देत नाही.”

“सांगा.”

“तुम्ही फक्त जे झालं तेवढंच बोला.”

रंगाभाऊंनी खाटेची सैल झालेली दोरी आवळली. मग म्हणाले, “यंतर ऱ्हाईल न्हवं?”

“यंत्राचं मरू द्या हो. तुमच्या नोकरीचं चाललंय इथे.”

“व्हय,” ते म्हणाले. “त्येबी खरंच.”

चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये झाली. पुण्याहून आलेले डायरेक्टर वयस्क, थकलेले, ऐकून घेणारे. मी उभी राहून सगळं सांगितलं. थरथरणारी रेष, कौशिकची सूचना, माझा नकार, जुलैची खोच, उघडा व्हॉल्व. आवाज चढू दिला नाही. मध्ये एकदा डायरेक्टरांनी घैसासांकडे चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, जिंकले.

घैसास शांतपणे उठले. “सर, मॅडम म्हणतात ते आपण धरून चालू. मला वाद घालायचा नाही. मग प्रश्न असा येतो की या यंत्राला फसवता येतं. कुणीही जुनी बॅच लावावी आणि केटल उडवावी. एवढं धोक्याचं यंत्र आपण प्लांटमध्ये ठेवायचं का? माझं म्हणणं, काढून टाकू. सोमवारपासून पहिल्यासारखं हाताने सॅम्पल काढू. वीस वर्षं तेच करत होतो. पाहुण्यांचा करार झालेलाच आहे, त्यांना काय कळतंय.”

“यंत्र फसलं नाही,” मी म्हणाले. “तुम्ही फसवलंत.”

“परिणाम तोच,” डायरेक्टर म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. “घैसासांचं म्हणणं मला पटतं, मॅडम. चूक ऑपरेटरची असेल तर यंत्र राहील. यंत्रात अशी पळवाट असेल तर ते मी ठेवू शकत नाही. तुम्हीच सांगताय की पळवाट आहे.”

हा डाव घैसासांनी चहाच्या कपाच्या वेळीच मांडून ठेवला असणार. माझ्याच सत्याने माझंच यंत्र बाहेर काढायचं, आणि स्वतः दोन्हीकडून सुटायचं. मी म्हणाले, “काढा मग यंत्र. पण दिवेकरांना कामावर घ्या.”  आणि ते मी मनापासून म्हटलं.

तेवढ्यात भिंतीशी उभे असलेले रंगाभाऊ पुढे आले.

“सायेब, म्या बोलू का?”

“बोला.”

“मॅडमचं चुकतंय. आमच्यावर मया हाय त्यांची, म्हणून बोलत्यात. व्हॉल्व म्या आधीच मॅन्युअलला घेतला व्हता. पाव्हणं आल्तं, माझं ध्यान पाव्हण्यांकडं. यंतर बरुबर दावत व्हतं. म्याच बघितलं न्हाई.”

“आणि ही जुलैची बॅच?”

“आसलं काय बी न्हाई, सायेब. मॅडमनी लांबनं बघितलं. त्यांच्या हातात ताम्हण व्हतं.”

डायरेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पोरीने भावनेच्या भरात काहीतरी रचून सांगितलं, अशी ती समजूतदार नजर होती. ती मला आजही सहन होत नाही. चूक रंगाभाऊंच्या नावावर लिहिली गेली आणि त्यांची नोकरी गेली.

मी रंगाभाऊंना गेटबाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गाठलं.

“तुम्ही मला खोटं पाडलंत, भाऊ.”

“पाडलं.”

“सगळ्यांदेखत.”

“व्हय.”

“किती दिले घैसासांनी? सांगा की. मुलीचं लग्न लावून देणार म्हणाले? तुमच्यासाठी मी माझं यंत्र सोडलं तिथे. मी सोडलं. आणि तुम्ही? दोन शब्द खरे बोलवेनात तुम्हाला? जन्मभर साहेबाच्या मानेकडे बघत बसला असाल, पण त्या दिवशी नव्हतं बघितलंत. मला वाटलं, हा माणूस आहे. कसला माणूस.”

सायकलच्या कुलपात किल्ली घातलेला त्यांचा हात थांबला.

“तुमी म्हनून ऐकून घेतलं,” ते म्हणाले. “पैशाचं पुन्यांदा बोलू नका.”

त्यांनी किल्ली फिरवून कुलूप काढलं.

“सिद्धूला वर कोनी धाडला व्हता, ठावं हाय? म्या. माझी शिप्ट. फेस येत व्हता, मला दिसत व्हता. लॅबवाल्यांनी नमुना मागिटला, म्या म्हनलं, सिद्धू, जा रं. त्येचं लगीन ठरल्यालं. मोडलं. त्येच्या म्होरं त्यो आरशात बघंना.” त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. “यंतर आलं तवापासनं मला कुनाचं नाव घ्यावं लागलं न्हाई. तुमी मला कामावर घ्या म्हनला. घेतलं आसतं त्यांनी. मंग सोमवारी पॅनेलवर मीच. ‘जा रं’ कुनाला म्हनायचं? समदी माझ्याच वस्तीची.”

“पण नोकरी, भाऊ. घर कसं चालणार?”

“चालंल. दूध घालीन. उसाला जाईन.”

“मी नाही राहणार इथे. आजच राजीनामा देते. असल्या माणसाच्या हाताखाली एक दिवस नाही.”

तेव्हा ते चिडले. तीन वर्षांत पहिल्यांदा. शांत माणूस चिडला की भीती वाटते, तशी मला वाटली.

“खबरदार,” ते म्हणाले. “तुमी गेला तर त्ये यंतर म्हैनाभर तरी चालंल का? काच कोन धुनार? नवा माल आला की त्येला कोन शिकवनार? त्यो पुन्याचा येनार व्हय? चार दिस बंद पडलं की घैसास म्हननार, चढवा मानूस वर. मंग म्या कशापायी गेलो?”

“म्हणजे तुम्ही बाहेर आणि मी आत?”

“व्हय. तसं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“म्या ठरवलं.”

“मला विचारलंत?”

“न्हाई,” ते म्हणाले. “इचारलं आसतं तर तुमी हू म्हनला नसता.”

ते सायकलवर बसले आणि हायवेच्या कडेकडेने निघून गेले. मी पत्र्याखाली उभी राहिले. घैसासांनी न विचारता माझ्या हातात ताम्हण दिलं होतं. या भल्या माणसानेही न विचारता माझ्या हातात काहीतरी दिलं होतं, आणि ते खाली ठेवता येत नव्हतं. त्या घडीला मी घैसासांवर होते त्याहून जास्त रंगाभाऊंवर चिडले होते. ओरडायला समोर कुणी उरलं नव्हतं म्हणून पत्र्याला एक लाथ घातली. अंगठा सुजला तेवढा.

मग आत गेले. फोडून साफ केलेल्या केटलमध्ये त्याच दुपारी पहिली बॅच चढवली होती. पॅनेलवर दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर बसलेला. घैसास पडद्यासमोर उभे होते, हात मागे बांधून. डायरेक्टर निघायच्या तयारीत, सोबत प्लांटवर शेवटचा फेरफटका मारायला आलेले. वस्तीवरची चार माणसं दाराशी साफसफाईच्या बादल्या-फडकी घेऊन थांबली होती. साहेब काय म्हणतात तिकडे त्यांचं लक्ष होतं. त्यांतल्याच कुणाला तरी वर जावं लागणार होतं, किंवा नव्हतं.

“या, मॅडम,” घैसास म्हणाले. आवाज मधाळ. “सर विचारत होते, म्हटलं तुमच्याच तोंडून ऐकू दे. त्या दिवशी यंत्राने बरोबर दाखवलं होतं ना? म्हणजे आपलं यंत्र ठीक आहे ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या नाकावरच्या रागाची ख्याती डायरेक्टरांपर्यंतही पोचली असावी, कारण ते जरा मागे सरकून उभे राहिले.

“हो, साहेब,” मी म्हणाले. “बरोबर दाखवलं होतं. ठीक आहे.”